पुसलेल्या टेपांमधला नट

ब्रिटिश टीव्ही-नट विल्यम रसेल 3 जून 2024 रोजी गेले. वय 99. आणखी साडेपाच महिने काढले असते तर शंभरी भरली असती. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी मृत्युलेख छापले, बीबीसीने जुनी छायाचित्रं दाखवली, 'डॉक्टर हू' या मालिकेच्या चाहत्यांनी दोन दिवस इंटरनेट हळवं करून सोडलं. आपल्याकडे ही बातमी फारशी कोणाच्या नजरेला पडली नसणार, आणि त्यात गैर काही नाही. 'हॅरी पॉटर'च्या सिनेमांत डीन थॉमस झालेला आल्फ्रेड एनॉक हा त्यांचा मुलगा, एवढं सांगितलं की तिशीतल्या वाचकांना थोडं जवळचं वाटेल. त्याहून मोठ्यांसाठी, 1978च्या 'सुपरमॅन'मध्ये क्रिप्टॉन ग्रहावरच्या वडीलधाऱ्यांत आणि 'द ग्रेट एस्केप'मधल्या युद्धकैद्यांत हा माणूस होता. पण त्याचं खरं घर टेलिव्हिजन.

मला बोलायचंय ते त्यांच्या निमित्ताने. दूरचित्रवाणीवरचा जुना नट गेला की एक ठरलेला विधी पार पडतो. 'एका पिढीचं बालपण हरपलं', 'पोकळी निर्माण झाली' वगैरे. माझं म्हणणं असं की टीव्हीच्या नटाचं स्मरण हा भावनेपेक्षा कपाटाचा प्रश्न आहे. त्याचं काम कोणत्या कपाटात आहे, कपाटाची किल्ली कोणाकडे आहे आणि मागितल्यावर ती मिळते का, याची उत्तरं ज्या संस्थेकडे नाहीत तिच्या श्रद्धांजलीला फारसा अर्थ नाही. रसेल यांच्या बाबतीत ही उत्तरं बरीच चमत्कारिक आहेत.

1956 साली रसेल 'द ॲडव्हेंचर्स ऑफ सर लान्सलॉट' या मालिकेत आर्थर राजाच्या गोष्टींतला सरदार लान्सलॉट झाले. चिलखत, घोडे, तलवारी, शनिवार-रविवारचा पोरांचा आवडता मामला. मालिका खाजगी कंपनीची, अमेरिकेत विकायची म्हणून रीतसर फिल्मवर चित्रित केलेली. अमेरिकेत एनबीसीने ती दाखवली, आणि तिकडे रंगीत टीव्ही येऊ घातला होता म्हणून तीसपैकी चौदा भाग चक्क रंगीत काढले गेले. ब्रिटनमधली ही रंगीत चित्रित झालेली पहिली मालिका. ती आजही पाहायला मिळते.

पुढे सात वर्षांनी, 23 नोव्हेंबर 1963ला, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, 'डॉक्टर हू'चा पहिला भाग बीबीसीवर लागला. निळ्या पोलीस-खोक्यातून काळात आणि अवकाशात भटकणारा तिरसट म्हातारा, त्याची नात आणि त्यांच्या नादात ओढले गेलेले लंडनच्या शाळेतले दोन शिक्षक. त्यातले विज्ञानाचे मास्तर इयन चेस्टर्टन म्हणजे रसेल. म्हातारा डॉक्टर त्यांचं आडनाव अधूनमधून हमखास चुकवायचा. डॉक्टरची भूमिका करणारे विल्यम हार्टनेल पंचावन्नचे, प्रकृती यथातथा. तेव्हा धावपळ, मारामारी, कडे उतरणं सगळं रसेल यांच्या वाट्याला. आठवडाभर तालीम आणि मग पश्चिम लंडनमधल्या लाइम ग्रोव्ह स्टुडिओत एका संध्याकाळी अख्खा भाग जवळजवळ नाटकासारखा सलग टिपायचा. टेप कापून जोडणं महागाचं, त्यामुळे कोणी अडखळलं तरी गाडी पुढेच. अशा वेळी समोरच्याने सांभाळून घ्यावं लागतं. जे भाग उरलेत त्यांत रसेल ते करताना दिसतात. वाक्य हरवलेल्या हार्टनेलना ते इतक्या सहज पुन्हा संवादात आणतात की चुकलं कोण होतं हे पटकन कळतही नाही. मृत्युलेखांत याविषयी फारसं काही नव्हतं. 'देखणे', 'रुबाबदार' हे शब्द मात्र भरपूर.

'जे भाग उरलेत' असं मी म्हटलं. गोम तिथेच आहे.

'डॉक्टर हू'च्या पहिल्या सहा वर्षांतले नव्वदहून अधिक भाग आज अस्तित्वात नाहीत. आग लागली नाही, पूर आला नाही. बीबीसीने ते स्वतः पुसले. दोन इंची व्हिडिओ टेप तेव्हा भारी महाग होती. कार्यक्रम दाखवून झाला की घरातली जुनी पितळी भांडी मोडीत घालावीत तशी टेप परत कामाला जुंपायची, नव्या कार्यक्रमासाठी. परदेशी विक्रीसाठी सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर प्रती काढल्या जात. त्यांचीही मुदत संपली, गिऱ्हाईक उरलं नाही, की त्या नष्ट. 1969 साली माणूस चंद्रावर उतरला त्या रात्रीचं बीबीसीच्या स्टुडिओतलं थेट प्रक्षेपणही बहुतांशी असंच गेलं. अभिनेत्री ज्युली ख्रिस्तीला नाव मिळवून देणाऱ्या 1961च्या 'ए फॉर अँड्रोमेडा'च्या सात भागांपैकी पूर्ण असा एकच उरलाय.

आता रसेल यांच्या वाट्याचं पाहा. 1964 साली 'मार्को पोलो' नावाची सात भागांची कथा झाली. पामीरच्या पठारापासून कुब्लाई खानाच्या दरबारापर्यंतचा प्रवास, मालिकेने तोवर केलेला सगळ्यात दिमाखदार खेळ. सातपैकी सहा भाग दिग्दर्शित केले वारिस हुसेन यांनी. हे लखनौला जन्मलेले, कादंबरीकार आतिया हुसेन यांचे चिरंजीव, फाळणीच्या आदल्या वर्षी इंग्लंडला गेलेले. 'डॉक्टर हू'चा पहिलावहिला भागही त्यांचाच, आणि तेव्हा ते जेमतेम चोविशीतले. निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट तरुण बाई, दिग्दर्शक तरुण हिंदुस्थानी. 1963च्या बीबीसीत दोघांकडेही लोक कसे पाहत असतील याची कल्पना करायला फार कष्ट नकोत. त्या 'मार्को पोलो'चा एकही भाग आज नाही. सातच्या सात गेले.

पण कथा पुरती मेलेली नाही, कारण संस्थेने जे राखलं नाही ते घरातल्या लोकांनी राखलं. काही पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून प्रत्येक भागाचा आवाज टिपला होता. त्यामुळे हरवलेल्या सगळ्या भागांचा ध्वनी आज उपलब्ध आहे. शिवाय जॉन क्युरा नावाचे एक गृहस्थ होते. टीव्ही चालू असताना पडद्याचे फोटो काढायचे आणि ते नटांना, दिग्दर्शकांना विकायचे, हा त्यांचा धंदा. घरी व्हिडिओ नाही, भाग पुन्हा लागेल याची खात्री नाही, तेव्हा नवं काम मागायला जाताना खिशात दाखवायला काय असणार, तर क्युरांकडून घेतलेले हे इवलेसे फोटो. 'मार्को पोलो'चे असे फोटो पुढे वारिस हुसेन यांच्याच संग्रहात सापडले. 2006 साली तेच आवाजाला जोडून अर्ध्या तासाचा सारांश तयार झाला. आपलं तीन तासांचं काम दिग्दर्शकाला पुन्हा पाहायचं, तर एवढंच.

मला याहूनही जास्त चटका लावणारी गोष्ट 'द क्रुसेड'ची आहे. 1965ची चार भागांची कथा, धर्मयुद्धाच्या काळातली. त्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड इयन मास्तरांना गुडघ्यावर बसवून सरदारकी देतो: सर इयन, नाइट ऑफ जाफा. नऊ वर्षांपूर्वी लान्सलॉट झालेल्या नटाला पुन्हा एकदा तलवारीचा स्पर्श, लेखकाने जाणून केलेली मजा असो वा योगायोग. हा प्रसंग दुसऱ्या भागात आहे, आणि दुसरा भाग नाही. चौथाही नाही. पहिला भागसुद्धा नव्हता. 1999 साली न्यूझीलंडमधल्या एका संग्राहकाकडे त्याची टाकून दिलेली फिल्म सापडली. तेव्हा बीबीसीला ही कथा व्हिडिओ कॅसेटवर आणायची हुक्की आली. मधली भगदाडं बुजवायची कशी? रसेल यांनाच बोलावलं. चौऱ्याहत्तर वर्षांचे रसेल म्हातारा इयन चेस्टर्टन होऊन कॅमेऱ्यासमोर बसले आणि जे चित्र पुसलं गेलं होतं ते त्यांनी गोष्टीसारखं सांगितलं. आपलंच पुसलेलं काम आपल्याच तोंडाने भरून काढायची वेळ नटावर यावी, आणि त्याने ती कुरकूर न करता निभवावी, याला व्यावसायिक सभ्यता म्हणायचं की संस्थेचं नशीब, तुम्ही ठरवा.

म्हणजे हिशोब असा पडतो. नफ्यासाठी काढलेला लान्सलॉट शिल्लक. जनतेच्या परवाना-शुल्कातून, म्हणजे प्रत्येक टीव्हीधारक घराने दरवर्षी भरलेल्या पैशातून काढलेल्या इयन चेस्टर्टनचे अकरा भाग गायब. बाजार चांगला आणि सरकारी ते वाईट असा निष्कर्ष यातून काढण्याची घाई करू नये. लान्सलॉट टिकला तो फिल्मवर होता आणि विकाऊ होता म्हणून. खाजगी कंपन्यांनीही आपापल्या टेपा मनसोक्त पुसल्याच. पण ज्याला विक्रीची सक्ती नाही, ज्याच्यापाशी लोकांचा पैसा आहे, त्याने जतनाची जबाबदारी बाजाराच्या आधी उचलायला हवी होती.

बीबीसीच्या बाजूने बोलायचं तर मुद्दे आहेत, आणि ते फुसके नाहीत. घरोघरी व्हिडिओ येईल हे 1965 साली कोणाला ठाऊक होतं? काळ्यापांढऱ्या भागांना रंगीत टीव्हीच्या जमान्यात कोण विचारणार होतं? आणि एक मुद्दा तर नटांच्याच अंगाशी येतो. पुनःप्रक्षेपणाला त्यांच्या 'इक्विटी' या संघटनेचा विरोध होता. जुनंच पुन्हा दाखवत बसले तर नवीन कामं कुठून येणार, ही भीती. ठरावीक मुदतीनंतर कार्यक्रम पुन्हा दाखवायचा तर नव्याने परवानग्या आणि नव्याने मोबदला. मग जी टेप दाखवता येणार नाही ती सांभाळायची कशाला, असा विचार अधिकाऱ्याने केला तर तो त्याच्या जागी तर्कशुद्ध होता. रोजगार वाचवण्यासाठी घातलेल्या अटीने कलावंतांचं कामच मोडीत गेलं. कामगार-हिताच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्यासारख्याला हे कबूल करताना जड जातं, पण ते तसंच आहे.

तेव्हा टेप पुसणाऱ्या कारकुनाला मी दोष देणार नाही. दोष आहे तो 'नको' म्हणण्याचं काम कोणाचंच नव्हतं याचा. फिल्म लायब्ररी म्हणे, आम्ही फिल्म सांभाळतो, टेप आमच्याकडे नाही. अभियांत्रिकी विभाग म्हणे, आमचं काम टेप पुरवण्याचं, आतला मजकूर आम्हाला काय करायचाय. परदेशी विक्री पाहणाऱ्यांना वाटे, मूळ प्रत मुख्य कचेरीत असेलच. सगळ्यांनी एकमेकांवर भरवसा ठेवला. सरकारी कचेरीत चपला झिजवलेल्या कोणालाही ही तऱ्हा समजावून सांगायला नको. 1978 साली बीबीसीने काय ठेवायचं ते ठरवण्यासाठी स्वतंत्र व्यक्ती नेमली, सू माल्डेन, आणि पुसापुशी थांबली. म्हणजे हवा होता तो कामाचा एक हुद्दा. त्याला पंधरा वर्षं उशीर झाला.

नाटकवाले इथे म्हणतील, एवढा गहजब कशाला? बालगंधर्वांचा प्रयोग कुठे उरलाय? पडदा पडला की संपलं, त्यातच त्या कलेची गोडी. मान्य. पण नाटकाच्या प्रेक्षकाला आणि नटालाही ते ठाऊक असतं. जे टिपलंच गेलं नाही त्याची हळहळ वेगळी. इथे टिपलं होतं, डब्यात घालून वर चिठ्ठी लावली होती, लोकांच्या पैशाने. ते हातातून काढून पुसण्याला कलेचा क्षणभंगुर स्वभाव म्हणणं म्हणजे हलगर्जीपणाला तत्त्वज्ञानाची शाल पांघरणं.

चाहत्यांबद्दलही बोलायला हवं. 'डॉक्टर हू' हरवण्यातही भाग्यवान. त्याच्यामागे जगभर वेडे लोक आहेत. हाँगकाँगमधून 'द टूम ऑफ द सायबरमेन' ही पूर्ण कथा 1990च्या दशकाच्या सुरुवातीला परत मिळाली, 2013 साली नायजेरियातल्या जोस शहरातून नऊ भाग परत आले. पण रसेल यांच्यासारख्या नटाने त्या काळात इतरही कामं केलेली असतात. एखादं एकांकी नाटक, एखादी कोर्टकथा, शेक्सपिअरची एखादी छोटी भूमिका. त्यांच्यापुढे कोणी टेपरेकॉर्डर धरला नव्हता. कशाचे चाहते जास्त, यावर जर नटाची आठवण ठरणार असेल, तर ती आठवण राष्ट्राची नाही, एका मंडळाची आहे. लोकप्रियतेचं वजन पाहून जतन करायचं नाही, यासाठीच तर सार्वजनिक अभिलेखागार लागतं. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट 1993पासून 'मिसिंग बिलीव्हड वाइप्ड' ही शोधमोहीम चालवते, आणि 1990च्या प्रसारण कायद्याने तिथे राष्ट्रीय टीव्ही-संग्रहाची सोय झाली. उशिरा सुचलेलं शहाणपण, पण कायद्याच्या पुस्तकात गेलेलं.

बरं, जे उरलंय ते तरी पाहायला मिळतं का? नोव्हेंबर 2023मध्ये मालिकेला साठ वर्षं झाली म्हणून बीबीसीने आपल्या आयप्लेअर या ऑनलाइन सेवेवर आठशेहून अधिक जुने भाग खुले केले. फक्त पहिली कथा वगळून. लेखकाच्या वारसाने हक्क दिले नाहीत. म्हणजे ज्या भागात रसेल पहिल्यांदा त्या निळ्या खोक्यात शिरतात, तो धडधाकट, पुसला न गेलेला भाग, हिरक महोत्सवी वर्षात बीबीसीच्या स्वतःच्या घरात बंद. हक्क वारसाचे आहेत, ते त्याने कसे वापरावेत हा त्याचा प्रश्न, त्यावर मी बोट ठेवणार नाही. पण कराराच्या वेळी एक कलम असायला हवं: व्यापारी हक्क कोणाचेही राहोत, एक प्रत सार्वजनिक संग्रहात जाईल आणि तिथे येऊन पाहू इच्छिणाऱ्याला ती पाहता येईल. ग्रंथालयात पुस्तक वाचायला लेखकाच्या नातवाची चिठ्ठी लागत नाही.

आणि हे सगळं जुन्या काळाचं रडगाणं समजू नका. 'विलो' ही मालिका डिस्ने प्लसवर नोव्हेंबर 2022मध्ये आली आणि पुढच्या मे महिन्यात तिथूनच काढून टाकली गेली. वॉर्विक डेव्हिससारखा मुरलेला ब्रिटिश नट तिच्या केंद्रस्थानी. सहा महिने! 1960च्या दशकातल्या बीबीसीनेही सहसा इतकी घाई केली नसेल. तेव्हा टेप महाग होती. आज साठवण स्वस्त आहे आणि निर्णय हिशेबनिसाचा आहे. ज्यांना वाटतं की इंटरनेटवर सगळं कायमचं राहतं, त्यांनी त्या मालिकेत काम केलेल्या एखाद्या नवख्या पोराला विचारावं, तुझं काम कुठे पाहू?

आता आपल्याकडे वळतो, कारण ही चर्चा मराठीत करण्याचं कारण तेच. 1954च्या केंद्रीय कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना द्यावी लागते. पुढे त्यात वर्तमानपत्रंही आली. टीव्ही त्यात नाही. 2 ऑक्टोबर 1972ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. 'गजरा', 'चिमणराव', 'प्रतिभा आणि प्रतिमा' यांतून मराठी रंगभूमीवरची किती माणसं पहिल्यांदा घराघरांत शिरली. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ ज्या प्रेक्षकांना आठवतात ते आज साठीला आलेत. सह्याद्री वाहिनी अधूनमधून जुना ऐवज यूट्यूबवर टाकते, आणि खाली प्रतिक्रियांचा पाऊस पडतो तो पाहण्यासारखा असतो. सिनेमाच्या बाबतीत आपण काय घालवलं हे जगजाहीर आहे. 'आलम आरा' या आपल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत नाही. पुण्याला 1964 साली फिल्म अर्काइव्ह निघालं म्हणून जे वाचलं ते वाचलं. टीव्हीसाठी तसं स्वतंत्र, कायद्याचं पाठबळ असलेलं घर आपण बांधलं नाही.

दूरदर्शनकडे मागणी करायची तर मी फार मोठी करणार नाही. डिजिटायझेशनचे कोट्यवधींचे प्रकल्प, उद्घाटनं, कोनशिला राहू द्यात बाजूला. आधी यादी जाहीर करा. कोणत्या तारखेला काय प्रसारित झालं, त्यातलं काय आज आहे, कोणत्या स्थितीत आहे, आणि काय नाही. 'नाही'चा रकाना लपवू नका. बीबीसीनेही तोच उघड केला, म्हणून न्यूझीलंडच्या आणि नायजेरियाच्या कोपऱ्यात शोधायचं काय हे लोकांना कळलं. आपल्याकडेही कोणाच्या माळ्यावर, कोणा निवृत्त तंत्रज्ञाच्या कपाटात एखादी कॅसेट असेल. ती मौल्यवान आहे हे त्याला कळणार कसं?

या यादीसाठी जुने लोक लागतील. रसेल यांनी नव्वदीच्या आसपासपर्यंत जुन्या भागांबद्दल बोलून ठेवलं. डीव्हीडीसाठी डॉक्टरची नात झालेल्या कॅरोल ॲन फोर्ड, वारिस हुसेन अशांबरोबर बसून कोणता देखावा कसा उभारला, कोण कुठे अडखळलं, हे ध्वनिमुद्रित करून दिलं. 2022मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी ते एका भागात क्षणभर पुन्हा इयन चेस्टर्टन झाले, सत्तावन्न वर्षांच्या खंडानंतर, आणि आपला डॉक्टर आता बाई झालाय हे ऐकून चकित झाले. गिनीज बुकात त्याची नोंद आहे. डब्यावरची चिठ्ठी गळून पडलेल्या टेपेत मागे उभा असलेला तो हवालदार कोण, हे सांगू शकणारे मुंबई दूरदर्शनच्या पहिल्या दशकातले कलावंत, कॅमेरामन, नेपथ्यकार आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना बोलवायला निधी मंजूर व्हावा लागत नाही. एक खोली, एक पडदा, चहा आणि लिहून घेणारा एक माणूस एवढं पुरे.